रोजनिशीची गोष्ट : दगडांच्या नोंदीपासून गृहिणीच्या वहीपर्यंत

इजिप्तमध्ये तांबड्या समुद्राकाठी, वादी अल-जर्फ इथे, २०१३ साली पपायरसचे तुकडे सापडले. वय साधारण साडेचार हजार वर्षं. मेरेर नावाचा मुकादम आपल्या टोळीसह चुनखडीचे दगड नावेतून गिझाला, खुफूच्या पिरॅमिडसाठी नेत होता, त्याची ती नोंद. आज कुठे दगड भरले, रात्रीचा मुक्काम कुठे पडला, एवढंच. डोळ्यांदेखत पिरॅमिड उभा राहतोय आणि त्याबद्दल मनात काय आलं, याचं अवाक्षर नाही! रोजची नोंद जन्मली ती अशी कामाच्या हिशेबातून.

इ.स. १०००च्या सुमारास जपानच्या दरबारातली सेई शोनागोन मात्र चीड आणणाऱ्या गोष्टींची यादी करते आणि त्यात डोळा लागताना तोंडाजवळ गुणगुणणाऱ्या डासालाही जागा देते. इथे लिहिणारं माणूस दिसू लागतं.

या प्रकाराचा खरा उस्ताद म्हणजे लंडनचा सॅम्युएल पेप्स. नौदलाच्या कचेरीतला हा अधिकारी १ जानेवारी १६६० पासून लघुलिपीत रोजनिशी लिहू लागला. २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे तीनच्या सुमारास मोलकरणीने त्याला उठवून आग लागल्याचं सांगितलं. त्याने खिडकीतून पाहिलं, आग लांब आहे असं ठरवलं आणि पुन्हा झोपला. हीच लंडनची ती महाभयंकर आग. पुढे नदीवरून पाहताना त्याने टिपलं, की कबुतरांना घरं सोडवत नव्हती. पंख होरपळेपर्यंत ती खिडक्यांपाशीच घुटमळत होती. दोन दिवसांनी आपलं पार्मेझान चीज आणि वाइन वाचवायला त्याने खड्डा खणला. आगीची सरकारी माहिती कुठेही मिळते. चीज पुरणारा माणूस इथेच भेटतो. दृष्टी जाईल या भीतीने त्याने १६६९ मध्ये लिहिणं थांबवलं. (दृष्टी गेली नाही, तो १७०३ पर्यंत जगला.) वह्यांतला निवडक मजकूर छापून आला तो थेट १८२५ मध्ये.

दरम्यान १८१२ साली लंडनच्या जॉन लेट्सने तारखा छापलेली डायरी विकायला काढली. सोय झाली खरी, पण दर दिवसाला सारखीच जागा देणं मला पटत नाही. पेप्सचे काही दिवस दोन ओळींत उरकतात, काही पानंच्या पानं खातात.

१९३७ मध्ये ब्रिटनमध्ये 'मास ऑब्झर्व्हेशन' हा उपक्रम सुरू झाला. दर महिन्याच्या १२ तारखेला उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलं ते लिहून पाठवा, असं सामान्य माणसांना सांगण्यात आलं. युद्ध सुरू झाल्यावर अनेकांनी सलग रोजनिशी धरली. त्यांतल्या नेला लास्ट यांनी स्वतःची ओळख लिहिली : 'गृहिणी, ४९'. बॉम्बहल्ल्यात घराची पडझड झाली, तेही त्यांच्या वहीत आहे. वाचणारा गुंततो तो मात्र दुसऱ्याच धाग्यात : नवऱ्याची मर्जी सांभाळत आलेली ही बाई स्वयंसेविका म्हणून घराबाहेर पडते आणि पानागणिक धीट होत जाते. १९६६ पर्यंत त्या लिहीत राहिल्या. युद्धकाळातला मजकूर १९८१ मध्ये पुस्तकरूपाने आला, आणि २००६ मध्ये त्यावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपटही निघाला.