पार्श्वभूमी : पीटर कुशिंग यांची आठवण अजून का निघते

26 आणि 27 मे या तारखा जुन्या भयपटांच्या चाहत्यांना तोंडपाठ असतात. ब्रिटिश अभिनेते पीटर कुशिंग यांचा जन्म 26 मे 1913चा. भयपट गाजवणारे व्हिन्सेंट प्राइस आणि ख्रिस्तोफर ली हे दोघेही 27 मेचे, एक 1911चे, दुसरे 1922चे. या तिघांचे वाढदिवस असे लागून आल्यामुळे दरवर्षी मे अखेरीला आठवणींना ऊत येतो. पण कुशिंग यांचा विषय निघाला की बोलण्याचा सूरच बदलतो. घरातल्या एखाद्या प्रेमळ आजोबांबद्दल बोलावं तसं लोक बोलतात. 11 ऑगस्ट 1994 रोजी ते गेले, त्याला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. हा सूर मात्र तसाच आहे.

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात जन्मलेले कुशिंग 1939मध्ये नशीब काढायला हॉलिवूडला गेले, बारीकसारीक भूमिका करून परतले. नंतरची बरीच वर्षं ओढगस्तीचीच होती. त्यांना हात दिला टीव्हीने. 12 डिसेंबर 1954 रोजी बीबीसीने जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर'चं रूपांतर थेट प्रक्षेपित केलं. त्याचा नायक विन्स्टन स्मिथ होते कुशिंग. छळाचे प्रसंग पाहून प्रेक्षक हादरले, तक्रारींचा पाऊस पडला, प्रकरण संसदेपर्यंत गेलं. तरीही चार दिवसांनी सगळ्या नटांनी तेच नाटक पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत थेट करून दाखवलं. कुशिंग घराघरांत पोहोचले.

हे नाव तेव्हा हॅमर या छोट्या चित्रपट कंपनीने हेरलं. 1957च्या 'द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाईन'ची गंमत अशी की बोरिस कार्लॉफ या नटाने जुन्या चित्रपटांत रंगवलेला तो प्रसिद्ध चौकोनी डोक्याचा राक्षस युनिव्हर्सल कंपनीच्या मालकीचा होता. तो चेहरा वापरायची सोय नव्हती. हॅमरने राक्षसाचं रूप बदललं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कथेचा केंद्रबिंदूच हलवला. राक्षस मागे गेला आणि त्याला घडवणारा बॅरन, म्हणजे सरदार फ्रँकेन्स्टाईन, पुढे आला. म्हणूनच पुढच्या चित्रपटांत राक्षस बदलत राहिले, बॅरन मात्र तोच. 1974पर्यंत सहा वेळा कुशिंग यांनी तो रंगवला.

त्या पहिल्या चित्रपटातली एक बारीकशी हालचाल मला फार मोलाची वाटते. बॅरन एका प्रेताचं शिर कापतो आणि हाताला लागलेलं रक्त सहज आपल्या कोटाला पुसतो, कामाच्या नादात गवंडी सदऱ्याला हात पुसतो तसं. चेहऱ्यावर ना किळस, ना क्रौर्य. या माणसासाठी हे रोजचं काम आहे, हे त्या एका क्षणात कळतं आणि अंगावर काटा येतो. अशा गोष्टींची तयारी कुशिंग मनापासून करत. शस्त्रक्रियेची हत्यारं हातात कशी धरायची, हे त्यांनी चक्क आपल्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. हातात चष्मा असो, भिंग असो की करवत, ती वस्तू त्यांच्या हातात वापरून वापरून गुळगुळीत झाल्यासारखी वाटते.

पुढच्याच वर्षी, 1958मध्ये, 'ड्रॅक्युला' आला. ली ड्रॅक्युला, कुशिंग त्याचा काळ ठरणारा व्हॅन हेल्सिंग. शेवटच्या झटापटीत व्हॅन हेल्सिंग लांबलचक टेबलावरून धावत जाऊन खिडकीचा पडदा ओढून काढतो आणि उन्हाचा झोत आत येतो. मग दोन मेणबत्तीदाण्यांचा क्रॉस धरून ड्रॅक्युलाला त्या उन्हात ढकलतो. ही धाव आणि हा मेणबत्तीदाण्यांचा क्रॉस, दोन्ही कल्पना कुशिंग यांच्या. पडद्यावर एकमेकांच्या जिवावर उठलेले हे दोघे प्रत्यक्षात जिवाभावाचे मित्र होते. त्यांनी वीसहून अधिक चित्रपटांत एकत्र काम केलं.

चाहत्यांच्या मनात जो हळवा कोपरा आहे त्याचं मूळ मात्र 1971मध्ये सापडतं. जानेवारीत त्यांची पत्नी हेलन गेली. आधीपासूनच तिला फुफ्फुसांचा विकार होता. पडत्या काळात नवऱ्याला सावरणारी, टीव्हीकडे वळायचा आग्रह धरणारी तीच. त्या वेळी ते हॅमरच्याच एका चित्रपटाचं चित्रीकरण करत होते. एक दिवसाचं काम झालं आणि तिच्या आजारपणामुळे त्यांना तो सोडावा लागला. त्यानंतरच्या मुलाखतींत ते उघडपणे सांगत की आता फक्त पुन्हा तिच्या भेटीची वाट पाहणं उरलंय. त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतलं. गालफडं बसली, डोळे खोल गेले, आणि हे सगळं पडद्यावर स्पष्ट दिसतं. 1972च्या 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'मध्ये त्यांनी एकट्या विधुर म्हाताऱ्याची भूमिका केली. त्या म्हाताऱ्याच्या दिवंगत बायकोचं नावही हेलनच. ते दृश्य पाहताना अभिनय कुठे संपला हे शोधायला जाऊ नये असं मला वाटतं.

नंतरच्या पिढीला ते 1977च्या 'स्टार वॉर्स'मधले खलनायक ग्रँड मॉफ टार्किन म्हणून माहीत झाले. पोशाखातले बूट इतके घट्ट होते की पाय दुखून येत. मग त्यांना घरच्या सपाता घालू दिल्या आणि शक्य तिथे कॅमेरा गुडघ्यांच्या वर ठेवला. अख्खा ग्रह उडवायचा हुकूम देणारा माणूस सपाता घालून उभा आहे, ही आठवण चाहते आजही एकमेकांना आनंदाने सांगतात. 2016च्या 'रोग वन' या 'स्टार वॉर्स' मालिकेतल्याच चित्रपटात गाय हेन्री या नटाच्या अभिनयावर संगणकाने कुशिंग यांचा चेहरा चढवला. त्यांचा वारसा सांभाळणाऱ्यांची परवानगी होती, कारागिरीही मोठी होती. पण ज्याने प्रत्येक वस्तू कशी धरायची याचा विचार केला, त्याचे हात त्यात नव्हते. मला ते खुपलं, आणि अनेकांना खुपलं.

चाहत्यांनी आठवणींपलीकडेही बरंच केलं. 'ड्रॅक्युला'तली काही दृश्यं सेन्सॉरने कापली होती, ती कायमची गेली असंच धरलं जात होतं. 2011मध्ये टोकियोतल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहात जपानी प्रतीची काही रिळं सापडली, तीही जपानमध्ये राहणाऱ्या एका चाहत्याने चिकाटीने केलेल्या शोधामुळे. आगीची झळ लागलेल्या त्या प्रतीत ड्रॅक्युलाच्या अंताचे हरवलेले क्षण शाबूत होते. ते पुन्हा चित्रपटात बसवले गेले. 2013मध्ये, कुशिंग यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, रॉयल मेल या ब्रिटिश टपालसेवेने त्यांच्यावर टपाल तिकीटही काढलं.

पण खरी आठवण जपली ती केंट परगण्यातल्या व्हिट्स्टेबल या छोट्या समुद्रकाठच्या गावाने. कुशिंग दांपत्याने तिथे घर घेतलं होतं आणि पीटर अखेरपर्यंत तिथेच राहिले. सायकलवरून गावात हिंडायचे, जलरंगात समुद्र रंगवायचे, ठरलेल्या हॉटेलात चहाला बसायचे. गावकऱ्यांसाठी ते बॅरन नव्हतेच, शेजारचे मिस्टर कुशिंग होते. गावातलं जुनं ऑक्सफर्ड थिएटर पुढे बिंगोचा अड्डा झालं. 2011पासून तिथे पब आहे आणि त्याचं नाव 'द पीटर कुशिंग'. 1980च्या दशकात एका टीव्ही कार्यक्रमात त्यांना काय हवंय असं विचारलं, तेव्हा त्यांनी गुलाबाच्या एका जातीला हेलनचं नाव मागितलं. ते मिळालं.

किनाऱ्यावर त्यांच्या आवडीच्या जागेला आता 'कुशिंग्ज व्ह्यू' म्हणतात. तिथे त्यांनीच गावाला भेट दिलेला बाक आहे. हेलन जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती. तरी पाटीवर लिहिलंय की व्हिट्स्टेबलवर आणि इथल्या माणसांवर फार प्रेम करणाऱ्या हेलन आणि पीटर कुशिंग यांच्याकडून. तिचं नाव आधी आहे.