शिळं उत्तर देणारा ‘फाउंड’

आमच्या गल्लीतल्या वाचनालयाला मी एक छोटा प्रोग्राम करून दिला होता. पहिल्याच संध्याकाळी काउंटरवर एक काकू वैतागल्या, “अहो, मी आत्ताच वर्गणी भरलीय. माझ्याकडे जुनं पुस्तक बाकी कसं?” त्यांच्या मागच्या आजोबांकडेही बाकी. रांगेतल्या एकूण एक माणसाकडे बाकी!

पुस्तकांच्या देवघेवीच्या नोंदींचं टेबल, म्हणजे डेटाबेसमधला तक्ता, मी दरवर्षी वेगळं ठेवलं होतं. (निर्णय माझाच, आणि वाईटच.) कुठलं टेबल बघायचं ते आयत्या वेळी ठरणार, म्हणून स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसच्या पोटातच राहणारा प्रोग्राम, क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाचा, मजकूर जागेवर जुळवायचा आणि ‘एक्झिक्यूट’ या आज्ञेने चालवायचा. ही डायनॅमिक क्वेरी. तक्त्यातली ओळ मिळाली की नाही हे मी ‘फाउंड’ला, म्हणजे खरं-खोटं सांगणाऱ्या तयार खुणेला, विचारत होतो.

घोळ तिथेच होता. डेटाबेस होता पोस्टग्रेस. त्यात साधी ‘सिलेक्ट इन्टू’, म्हणजे ओळ वाचून बाजूला ठेवणारी क्वेरी, चालली की ‘फाउंड’ खरं किंवा खोटं होतं. ‘एक्झिक्यूट’ मात्र त्याला हातच लावत नाही. आधीच्या साध्या क्वेरीला सभासद सापडला, ‘फाउंड’ खरं झालं आणि तसंच राहिलं. थकबाकीच्या क्वेरीला काहीही मिळालेलं नसताना मी ते शिळं उत्तर ताजं समजून वाचत होतो.

मग ‘गेट डायग्नॉस्टिक्स’ या आज्ञेने ‘रो काउंट’, म्हणजे ओळींची संख्या, काढला. हा आकडा ‘एक्झिक्यूट’नंतरही बदलतो. तरी सगळे थकबाकीदारच! कारण माझ्या क्वेरीत नोंदी मोजणारं ‘काउंट’ होतं, आणि मोजणी शून्य भरली तरी ‘शून्य’ लिहिलेली एक ओळ परत येतेच. ओळी मोजल्या तर उत्तर कायम एक.

शेवटी ‘अशी ओळ आहे का’ एवढंच विचारणारं ‘एक्झिस्ट्स’ वापरलं. आहे की नाही एवढंच हवं असेल तर हेच बरं. पहिली ओळ सापडली की शोध थांबतो. टेबलाचं नाव ‘फॉरमॅट’मधून अवतरणात घातलं आणि सभासद क्रमांक ‘यूजिंग’ने वेगळा दिला, म्हणजे क्रमांकाच्या जागी कुणी भलताच मजकूर टाकला तरी तो हुकूम म्हणून चालत नाही.

दुसऱ्या डेटाबेसांची तऱ्हा वेगळी. ऑरॅकलमध्ये डायनॅमिक क्वेरी चालवणाऱ्या ‘एक्झिक्यूट इमिजिएट’ला ‘इन्टू’ जोडलं आणि ओळ मिळाली नाही, तर ‘नो डेटा फाउंड’ अशी सरळ एरर येते. एसक्यूएल सर्व्हरचा ओळी मोजणारा ‘रोकाउंट’ उलट फारच चंचल. क्वेरीनंतर तपासणीसाठी म्हणून संदेश दाखवणारी एक ‘प्रिंट’ घातली, तर तेवढ्यानेच तो शून्य होतो.