ओढ्याच्या नावाला साक्षीदार कोण?

स्कॉटलंडमधल्या डोंगर-ओढ्यांची बहुतेक नावं नकाशावर आली ती वह्यांमधून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून 'ऑर्डनन्स सर्व्हे' या सरकारी मोजणी खात्याची माणसं एकेक पॅरिश पालथा घालत होती. (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख, आपल्या महसुली गावासारखा.) वहीत रकाने ठरलेले: नकाशावर लिहायचं नाव, त्याची निरनिराळी स्पेलिंगं, ती कोणी सांगितली, जागा कुठे, आणि शेवटी वर्णन. अमुक डोंगराच्या पूर्व उतारावर उगम पावणारा छोटा ओढा, तमक्या नदीला मिळतो, अशा थाटाचं.

वाचण्यासारखा आहे तो तिसरा रकाना. एका नावाला शक्यतो तीन जणांची साक्ष घेत. साक्षीदार बहुधा जमीनदार, त्याचा कारभारी, पाद्री किंवा शाळामास्तर. डोंगराळ भागाची भाषा गेलिक, आणि अनेक मोजणीदारांना ती येत नसे. 1905 च्या खात्याच्या सूचनांत तर बजावलंच होतं की लहान शेतकरी नि झोपडीवाले यांच्यावर विसंबू नका, ते राहतात त्या जागेच्या नावाबाबतही. स्पेलिंगबाबत तर मुळीच नाही. स्पेलिंगचं एक वेळ समजू शकतं. पण डोंगरामागचा ओढा गुराख्याच्या पायाखालचा. मास्तर तिकडे कशाला फिरकेल?

सभ्यतेचाही अडसर होताच. केर्नगॉर्म रांगेतल्या 1004 मीटरच्या एका सुळक्याला नकाशावर 'सैतानाचं टोक' म्हणतात. गेलिक नावात टोक नाही, सैतानाचं लिंग आहे! व्हिक्टोरिया राणीने अर्थ विचारला तेव्हा तिच्या सेवकाने तो असा सावरून घेतला, अशी आख्यायिका आहे.

या नावांत भूगोलाची माहिती दडलेली असते. केर्नगॉर्म हे मुळात एका शिखराचं नाव, नंतर अख्ख्या रांगेला चिकटलेलं. गेलिक बोलणारे त्या रांगेला 'लाल डोंगर' म्हणत, कारण तिथला ग्रॅनाइट गुलाबीसर. स्पे नदीपलीकडची रांग 'करडी'. ओढ्याच्या नावात 'फ्यार्ना', म्हणजे आल्डर वृक्ष, असेल आणि आज काठावर नुसतं हेदरचं झुडूप असेल, तर तिथे कधीकाळी झाडी असावी असा अंदाज बांधता येतो. मात्र नावावर तारीख नसते. म्हणून जवळपासच्या पीटच्या (दलदलीत अर्धवट कुजून साचलेल्या वनस्पतींच्या) थरांत साठलेले परागकण तपासायचे, तिथे कधी कोणती झाडं होती ते पाहायचं आणि मगच बोलायचं.

नावांचं हे मोल जीवशास्त्रज्ञ अ‍ॅडम वॉटसन यांनी ओळखलं. टार्मिगन पक्षी आणि उन्हाळ्यातही न वितळणारा बर्फ हे त्यांचे अभ्यासविषय. त्यांनी एलिझाबेथ अ‍ॅलन यांच्यासोबत वरच्या डी नदीच्या खोऱ्यातली नावं थेट तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून टिपली, उच्चारासकट. ते काम 1984 मध्ये प्रसिद्ध झालं, तोवर त्या खोऱ्यातली गेलिक बोली जवळजवळ संपली होती. नकाशातल्या स्पेलिंगवरून जो उच्चार कोणालाच काढता आला नसता, तो त्यामुळे निदान नोंदवला गेला.