नागपूरचं सांडपाणी गोसीखुर्दात कसं पोहोचलं

कुही आणि भंडारा तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांना वैनगंगेच्या पाण्याचा वास का सोसावा लागतो, हे समजायला आधी नागपूरच्या पश्चिमेला लाव्याच्या टेकड्यांकडे बघावं लागतं. नाग नदी तिथे उगम पावते, अंबाझरी तलावामार्गे शहरात येते, पिवळी नदीला सोबत घेऊन पूर्वेकडे निघते आणि कन्हानला मिळते. कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत जाते. उन्हाळ्यात नागेत वाहतं ते जवळपास सगळं शहराचं सांडपाणीच. नागपूरकर पितात ते पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हानचं. वापरून झालं की ते नाल्यांवाटे नागेत उतरतं. शहराला मिळणारं पाणी वाढत गेलं, मलवाहिन्या मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत.

कायदा नव्हता असं म्हणता येत नाही. जलप्रदूषण रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९६९ मध्येच स्वतःचा कायदा केला, १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ आलं, केंद्राचा कायदा १९७४ चा. सांडपाण्यावर संशोधन करणारी ‘नीरी’ ही संस्था तर १९५८ पासून नागपुरातच आहे.

खरा बदल झाला तो वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणामुळे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. त्याआधीही नागेची घाण वैनगंगेत येतच होती, पण नदी वाहती होती. वाहत्या, उथळ पाण्यात हवेतला प्राणवायू मिसळत राहतो, जिवाणू घाण कुजवत राहतात आणि पावसाळ्याचा पूर उरलासुरला गाळ पुढे ढकलतो. धरणात पाणी अडलं आणि बॅकवॉटर आंभोऱ्याच्याही वर चढलं. पाणी थांबलं की मैला तळाशी बसतो आणि तिथला प्राणवायू संपतो. नत्र आणि स्फुरद पाण्यातच राहतात, त्यावर जलपर्णी माजते. तिच्या जाळीत ढिवरांचे डोंगे अडकतात, सावलीखाली मासोळी गुदमरते. धरणाने ज्यांची शेती आणि गावठाणं घेतली, त्यांच्याच वाट्याला शहराचं हे पाणी आलं. हा अन्याय मला प्रदूषणाच्या आकड्यांपेक्षा मोठा वाटतो.

नागपुरातल्या भांडेवाडीचा पहिला सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प रोज १०० दशलक्ष लिटरचा होता. पुढे त्याची क्षमता २०० वर नेली, शिवाय १३० दशलक्ष लिटरचा वेगळा प्रकल्प उभा राहिला. प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याचा निर्णयही झाला. तो मला मनापासून चांगला वाटतो, कारण केंद्राने जितकं सांडपाणी वापरलं तितकं पेंचचं ताजं पाणी वाचतं, आणि पेंचवर रामटेक-मौद्याच्या धानाचा हक्क आहे. पण प्रकल्प कितीही मोठा असला तरी मलवाहिनीतून त्याच्यापर्यंत येईल तेवढंच पाणी तो साफ करतो. जो नाला थेट नदीत जातो, त्याच्यासाठी तो असून नसल्यासारखा. शिवाय साध्या प्रक्रियेत सेंद्रिय घाण कमी होते, नत्र-स्फुरद बऱ्याच अंशी तसेच पुढे जातात. म्हणून पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसलं तरी जलपर्णी हटत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये नाग नदी प्रदूषण निर्मूलन प्रकल्पाची पायाभरणी झाली. खर्च सुमारे १,९२५ कोटी रुपये. नाले अडवणं, मलवाहिन्या टाकणं, नवे प्रक्रिया प्रकल्प बांधणं ही कामं त्यात आहेत, आणि ती हवीच होती. मात्र त्याचं यश शहराच्या हद्दीत किती लिटर पाणी साफ झालं यावरच मोजलं, तर खालच्या गावांना त्यातून काही कळणार नाही. मोजमाप आंभोऱ्यालाही व्हावं, तेही मे महिन्यात, आणि नत्र-स्फुरदासह. भंडाऱ्याची स्वतःची गटारंही वैनगंगेकडेच वाहतात; त्यांचा हिशेबही याच मोजमापात धरावा लागेल.