सिंथेटिक बायोलॉजी की बायोनॅनोटेक्नॉलॉजी? डीएनए तोच, वापर निराळा

नागपुरात जनुकांचा विषय निघाला की गाडी हमखास बीटी कापसावर येते. साहजिकच आहे: वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि 2002 मध्ये परवानगी मिळाल्यापासून विदर्भभर तोच कापूस. पण बारावीनंतर काय शिकायचं याची चर्चा करणारी पोरं आता सिंथेटिक बायोलॉजी आणि बायोनॅनोटेक्नॉलॉजी ही नावं सर्रास एकाच अर्थाने घेतात. दोन्हीकडे डीएनए लागतो, त्यामुळे घोळ होतो.

सिंथेटिक बायोलॉजीत पेशी जिवंत हवी. डीएनए तिने वाचायचा आणि तसं वागायचं. गडचिरोलीचा मलेरिया आपल्याला नवा नाही. त्यावरचं आर्टेमिसिनिन हे औषध एका वनस्पतीतून निघतं. अमेरिकेतले संशोधक जे कीसलिंग यांच्या गटाने 2006 मध्ये त्या वनस्पतीची जनुकं यीस्टमध्ये घालून त्याचा कच्चा माल, आर्टेमिसिनिक आम्ल, बनवून घेतला. 2013 पर्यंत हे उत्पादन लिटरला 25 ग्रॅमवर गेलं. बीटीत बॅक्टेरियाचं एखादं जनुक घातलं होतं. इथे रासायनिक क्रियांची साखळीच बसवली, शिवाय यीस्टच्या स्वतःच्या जनुकांचा जोर कमी-जास्त केला. एवढं करूनही बाजारात शेतातलंच औषध स्वस्त पडलं, ते सोडा.

त्याच 2006 मध्ये अमेरिकेतलेच संशोधक पॉल रोथमुंड यांनी डीएनएची घडी घातली; याला डीएनए ओरिगामी म्हणतात. एका विषाणूचा सात हजारांहून जास्त अक्षरांचा (म्हणजे डीएनएच्या रासायनिक घटकांचा) लांब धागा आणि त्याला ठरावीक जागी चिकटणारे दोनशेहून अधिक छोटे तुकडे क्षारयुक्त पाण्यात मिसळले, 95 अंशांपर्यंत तापवून सावकाश थंड केले. सुमारे 100 नॅनोमीटरचे हसरे चेहरे आपोआप जुळून आले. गंमत म्हणजे त्या धाग्यात विषाणूची जनुकं होती, पण ती वाचायला तिथे पेशीच नव्हती. कोणतं अक्षर कोणाला चिकटतं, एवढ्याशीच मतलब. बायोनॅनो ते हेच: जीवसृष्टीतले रेणू, पण बांधकामाचं साहित्य म्हणून.

कोविडच्या एमआरएनए लशीत मात्र दोन्हीची सरमिसळ दिसते. आतला एमआरएनए हा पेशीने वाचायचा मजकूर, बाहेरचं चरबीचं वेष्टण नॅनो.

माझ्या मते दोन्हीतला फरक ओळखायची खरी कसोटी एकच: ही वस्तू आपोआप वाढते का? ओरिगामी सांडली तर मातीतली एन्झाइम्स तिचा फडशा पाडतील. बदललेलं यीस्ट सांडलं तर ते वाढूही शकतं. म्हणूनच परकं जनुक घातलेले सजीव बाहेर सोडायचे तर 1989 च्या नियमांखाली केंद्राची परवानगी लागते.