स्वयंचलित लढाई-निकाल

स्वयंचलित लढाई-निकाल : डावपेचांच्या व्हिडिओ गेममध्ये दोन सैन्यांची गाठ पडली असता, खेळाडूने रणांगणात उतरून तुकड्या स्वतः न हलवता, संगणकाने जय-पराजय आणि दोन्ही बाजूंची हानी परस्पर ठरवण्याची पद्धत. खेळाडूंच्या बोलण्यात तिला ‘ऑटो-रिझॉल्व्ह’ किंवा नुसते ‘ऑटो’ म्हणतात. नकाशावरचा राज्यकारभार आणि रणांगणावरची लढाई असे दोन थर ज्या खेळांत असतात, तेथे ही सोय जवळजवळ अपरिहार्य ठरते. कारण मोठ्या मोहिमेत लढाया इतक्या होतात की प्रत्येकीला अर्धा तास द्यायचा म्हटले, तर मोहीम संपता संपत नाही.

तिचे मूळ संगणकापेक्षा बरेच जुने आहे. प्रशियाच्या लष्करात १८२४ च्या सुमारास रूढ झालेल्या ‘क्रीग्सश्पील’ या युद्धखेळात चकमकीतील हानी फासे आणि तक्ते यांच्या आधारे पंच ठरवत असे. तक्त्यांची ही किचकट मोजदाद अधिकाऱ्यांना जाचक वाटू लागल्यावर, १८७६ मध्ये यूलियुस फोन व्हेर्डी द्यू व्हेर्न्वा या प्रशियन लष्करी अधिकाऱ्याने निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपवण्याचा पुरस्कार केला. पुढे चार्ल्स रॉबर्ट्स या अमेरिकन रचनाकाराच्या ‘टॅक्टिक्स’ (१९५४) या पटावरील खेळाने दोन सैन्यांच्या बळाचे गुणोत्तर काढायचे, फासा टाकायचा आणि तक्त्यातला निकाल वाचायचा, ही रीत रुळवली. संगणकाने तोच तक्ता पोटात घेतला, असे म्हणायला हरकत नाही.

‘सिव्हिलायझेशन’ (१९९१) या खेळात हाताने लढण्याचा पर्यायच नव्हता. एका तुकडीचे आक्रमणबळ आणि दुसरीचे संरक्षणबळ यांच्या प्रमाणात, ढोबळमानाने एकाच फटक्यात, निकाल लागे. युद्धनौकेचे आक्रमणबळ १८ आणि भालाईतांच्या ‘फॅलँक्स’ तुकडीचे संरक्षणबळ २. तुकडी ठाण मांडून बसली की ते ३ होई, म्हणजे सातांत सुमारे एक वेळ भालाईत पोलादी नौका बुडवत. या प्रकाराची पुष्कळ थट्टा झाली. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत तुकड्यांना जीवनांक, म्हणजे किती मार सोसता येईल याचा आकडा, देऊन लढाई अनेक फटक्यांत विभागली गेली आणि असे चमत्कार बरेच कमी झाले.

अशा गणितामागील तर्क समजून घेण्यास फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याचा १९१६ च्या पुस्तकातील वर्गनियम उपयोगी पडतो. दुरून मारा करणाऱ्या सैन्याचे बळ संख्येच्या नव्हे, तर संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे तो सांगतो. समान दर्जाचे १०० आणि ६० सैनिक अखेरपर्यंत लढले, तर मोठ्या बाजूचे ४० नव्हे, ८० उरतात. तेच ६० जण तीस-तीसच्या दोन टोळ्यांनी एकामागून एक आले, तर सुमारे ९० उरतात. मात्र अरुंद खिंडीत एका वेळी मोजकेच सैनिक भिडू शकत असतील, तर वर्गनियम लागू पडत नाही आणि हिशेब साध्या वजाबाकीवर येतो. भूप्रदेशाची दखल न घेणारे सूत्र नेमके येथे चुकते, आणि हाताने लढणारा खेळाडू नेमकी हीच खिंड शोधत असतो.

‘टोटल वॉर’ या २००० साली ‘शोगन’पासून सुरू झालेल्या मालिकेत ही निवड सर्वांत ठळकपणे समोर येते. लढाईपूर्वीच्या खिडकीत दोन्ही बाजूंच्या बळाचा तोल दाखवणारी पट्टी असते आणि तिच्याकडे एक नजर टाकून खेळाडू ऑटोचे बटण दाबतो किंवा मैदानात उतरतो. संगणकाच्या ताब्यातील राज्ये आपसांत लढतात तेव्हा मात्र निकाल नेहमी सूत्रानेच लागतो. मराठा राज्य खेळायला देणाऱ्या ‘एम्पायर’ (२००९) मध्येही, खेळाडूच्या नजरेआड कोणते राज्य फोफावणार आणि कोणते बुडणार, हे बऱ्याच अंशी त्या सूत्राच्या आवडीनिवडींवर अवलंबून राहते. त्यामुळे ऑटोला केवळ वेळ वाचवणारी सोय समजणे अपुरे आहे. तो त्या जगाचा एक अलिखित कायदाच असतो. खेळाडू तो लवकर ओळखतात आणि सूत्राला भावणाऱ्या तुकड्यांची भरती करतात, मग त्या प्रत्यक्ष मैदानात कितीही सुमार असोत. मनाजोगा निकाल लागेपर्यंत जतन केलेला खेळ पुन्हा उघडणे, ही त्याच वृत्तीची पुढची पायरी.

दुसरी पद्धत सूत्राऐवजी दोन्ही सैन्ये संगणकाच्या हाती देऊन खरीखुरी लढाई पडद्याआड चालवण्याची. तीत भूप्रदेश, मंत्र आणि चालींचा क्रम हिशेबात येतो. पण संगणकाचा सेनापती बेताचा असेल, तर त्याच्या चुकांचे मोल खेळाडूला मोजावे लागते. ‘एज ऑफ वंडर्स ४’ (२०२३) या खेळात अशी लढाई नंतर पाहता येते आणि निकाल अमान्य असेल तर तीच लढाई हाताने पुन्हा लढता येते. विजय मिळूनही अनेक जण ही मुभा वापरतात, कारण जिंकलेल्या लढाईत एखादी जुनी, अनुभवी तुकडी विनाकारण कामी आलेली असते आणि तेवढ्या एका तुकडीसाठी ते पुन्हा मैदानात उतरतात.