बायपोलर डिसऑर्डरचं अतिनिदान

ज्याला बायपोलर नाहीच अशा माणसाच्या केसपेपरवर बायपोलर लिहिलं जाणं, आणि हे एखाद्याचं नाही तर भरपूर जणांचं होणं, याला बायपोलरचं अतिनिदान म्हणतात. शब्द जरा फसवा आहे. कॅन्सरमध्ये अतिनिदान म्हणतात तेव्हा गाठ खरीच असते, फक्त ती आयुष्यभर काही त्रास देणार नसते. इथे तसं नाही. इथे एक तर दुसरीच कुठली तरी तक्रार बायपोलर समजली जाते, किंवा मग आजाराची हद्दच इतकी सैल केली जाते की जरा तापट, जरा उतावळा, जरा मूडी माणूसही आत येतो. पहिली सरळ चूक आहे, दुसऱ्यावर मानसोपचारवाल्यांचं आपापसात अजून भांडण चालू आहे, आणि चर्चेत दोन्हींची खिचडी होते.

हे समजायला आधी खरा आजार कसा असतो ते बघायला लागतं. मराठी पुस्तकांत द्विध्रुवीय विकार किंवा उन्माद-विषाद असं काहीबाही लिहितात, पण बोलताना सगळे बायपोलरच म्हणतात आणि सरकारी ओपीडीच्या कागदावर बहुतेक वेळा बीपीएडी (बायपोलर अफेक्टिव्ह डिसऑर्डर) एवढंच खरडलेलं असतं. यात माणसाला एपिसोड येतात. मॅनियाचा एपिसोड म्हणजे निदान ७ दिवस, दिवसातला बहुतेक वेळ, रोज, माणूस त्याच्या नेहमीच्या स्वभावापेक्षा वेगळा असतो (ॲडमिट करायची वेळ आली तर मग दिवस मोजत बसत नाहीत). हायपोमॅनिया हा त्याचा सौम्य भाऊ, त्याला सलग ४ दिवस लागतात. या दिवसांत मूडसोबत अंगातली शक्तीही वाढलेली असते, बडबड, डोक्यात एकावर एक कल्पना, पैसे उधळणं, नको ते धाडस. डिप्रेशनचे काळ वेगळे, ते महिनोन्महिने चालतात.

म्हणजे इथे मोजायचं एकक दिवस आणि आठवडे हे आहे, तास नाही. सकाळी खुशीत, दुपारी साहेबांनी झापलं म्हणून डोकं फिरलं, संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला की परत गाणी गुणगुणणं, याला मूड स्विंग म्हणा हवं तर, बायपोलर नाही. घोडं पेंड खातं ते नेमकं इथेच. पेशंट येतो आणि म्हणतो डॉक्टर मला खूप मूड स्विंग्ज होतात, समोर ४० जणांची लाइन असते, आणि सलग किती दिवस हा साधा प्रश्न राहून जातो.

दुसरा राहून जाणारा प्रश्न झोपेचा. झोप कमी झाली होती का असं विचारलं की निम्मी दुनिया हो म्हणेल. विचारायचं असतं ते असं की झोप लागत नव्हती, का झोपेची गरजच वाटत नव्हती? रात्री दोन वाजेपर्यंत पंख्याकडे बघत पडलेली आणि दुसऱ्या दिवशी चुरचुरत्या डोळ्यांनी लोकल पकडणारी बाई वेगळी. आणि ३ तास झोपून पहाटे चारला टवटवीत उठून माळ्यावरची सगळी पितळी भांडी खाली काढून चिंचेने घासायला बसणारी, आणि हे सलग पाच-सहा दिवस करणारी बाई वेगळी. पहिलीला चिंता असू शकते, डिप्रेशन असू शकतं, घरात काही चाललेलं असू शकतं. दुसरीबद्दल मात्र डॉक्टरांनी कान टवकारायलाच हवेत.

आकड्यांत सांगायचं तर सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास मार्क झिमरमन यांच्या टीमचा आहे, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड हॉस्पिटलमधला, २००८ साली छापून आलेला. ओपीडीतले ७०० पेशंट घेतले. त्यातल्या १४५ जणांनी सांगितलं की आम्हाला आधी कुठल्या तरी डॉक्टरने बायपोलर सांगितलंय. मग सगळ्यांची ठरलेल्या प्रश्नांची लांबलचक, पद्धतशीर मुलाखत घेतली, तर या १४५ पैकी ४३ टक्के लोकांचंच निदान टिकलं. निम्म्याहून जास्त गळाले. टीमने नातेवाइकांचीही माहिती काढली होती, कारण हा आजार घराण्यात चालतो. ज्यांचं निदान टिकलं त्यांच्या सख्ख्या नात्यात बायपोलर जास्त निघाला, गळालेल्यांच्या घरी तितका नाही. म्हणजे मुलाखतच उगाच कडक होती म्हणून लोक गळाले असं म्हणायला फारशी जागा राहत नाही. गळालेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर निघाला.

बॉर्डरलाइन आणि बायपोलरची गल्लत सगळ्यात जास्त होते आणि सगळ्यात जास्त महागात पडते. बॉर्डरलाइनमध्ये भावना तासातासाला हेलकावतात आणि बहुतेक वेळा मागे काहीतरी कारण असतं, कोणी सोडून जाईल ही भीती, भांडण, दुर्लक्ष. त्याच्यावर मुख्य उपाय बोलण्याचा, म्हणजे दीर्घ थेरपीचा, डीबीटी (भावना सांभाळायला शिकवणारी थेरपी) वगैरे. बायपोलरवर मुख्य उपाय गोळ्यांचा. म्हणजे चुकीची पाटी लागली की माणूस वर्षानुवर्षं गोळ्या बदलत बसतो आणि ज्याची गरज होती त्या थेरपीचं नावच निघत नाही. बाकी एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), दारू-गांजा, लहानपणीच्या अत्याचाराचे परिणाम, वाढलेला थायरॉइड, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी घेतलेली स्टिरॉइड्स, हेही सगळे बायपोलरचा मुखवटा घालून येऊ शकतात.

एका पानाच्या प्रश्नावल्यांचाही यात हात आहे. सगळ्यात प्रसिद्ध एमडीक्यू (मूड डिसऑर्डर क्वेश्चनेअर), २००० सालची, १३ हो-नाहीचे प्रश्न, ७ किंवा जास्त हो आले, ते एकाच काळात घडले आणि त्यामुळे बरीच अडचण झाली असं सांगितलं की पॉझिटिव्ह. मूळ अभ्यासात तिने खऱ्या १०० पैकी ७३ पकडले आणि आजार नसलेल्या १०० पैकी ९० जणांना बरोबर सोडून दिलं. ऐकायला मस्त वाटतं. आता समजा एखाद्या ओपीडीत १००० लोकांनी हा कागद भरला आणि त्यातल्या १०० जणांना खरंच बायपोलर आहे. ७३ सापडतील. उरलेल्या ९०० पैकी ९० उगाचच पॉझिटिव्ह येतील. एकूण १६३ पॉझिटिव्ह, त्यात खरे ७३, म्हणजे निम्म्याहूनही कमी. कागद वाईट नाही, तो चाळणी म्हणून बनवलेला आहे, पण चाळणीलाच वजनकाटा समजलं की असं होतं. आणि आता तर तोच कागद मोबाइलवर दोन मिनिटांत भरता येतो, पोरं भरतात आणि स्क्रीनशॉट घेऊन डॉक्टरकडे जातात.

हे सगळं अचानक कुठून आलं? गंमत म्हणजे आधी उलटं होतं. १९६०-७० च्या सुमारास अमेरिकेत मॅनियाच्या पेशंटलाही सर्रास स्किझोफ्रेनिया म्हणायचे. न्यूयॉर्क आणि लंडनच्या हॉस्पिटलांची तुलना करणारा एक मोठा प्रकल्प झाला, त्याचं पुस्तक १९७२ ला आलं, आणि त्यातून निघालं की पेशंट साधारण सारखेच आहेत, न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनिया हा शब्द जास्त उदारपणे वापरतात. १९७० साली अमेरिकेत मॅनियावरच्या लिथियम या औषधाला मान्यता मिळाली, मग बायपोलर ओळखण्याला किंमत आली. १९८० च्या डीएसएम-३ मध्ये (डीएसएम म्हणजे अमेरिकन मानसोपचारवाल्यांची निदानाची नियमपुस्तिका) बायपोलर हे नाव अधिकृत झालं, आधी क्रेपेलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञाच्या काळापासून मॅनिक-डिप्रेसिव्ह चालायचं. १९९४ च्या डीएसएम-४ मध्ये बायपोलर टू आला, ज्यात पूर्ण मॅनिया लागत नाही, डिप्रेशन आणि हायपोमॅनिया असला की झालं. दार इथे उघडलं. पुढे स्पेक्ट्रमच्या, म्हणजे आजार सौम्यापासून तीव्रापर्यंत पसरलेला असतो या कल्पनेने जोर धरला आणि ४ दिवसांची अट तरी कशाला, दोन दिवस का नको असं म्हणणारेही पुढे आले.

आणि त्याच सुमाराला औषध कंपन्याही आल्या. १९९५ ला डायव्हॅलप्रोएक्सला (व्हॅल्प्रोएटचाच एक प्रकार) मॅनियासाठी अमेरिकेत मान्यता, २००० ला ओलान्झापिनला (आधी स्किझोफ्रेनियासाठी असलेलं औषध), मग एकेक करत बाकीची. पेटंट असलेली गोळी आणि हद्द सैल असलेला आजार एकत्र आले की काय होतं ते सांगायला ज्योतिषी नको. ओलान्झापिन बनवणाऱ्या एली लिलीने मान्यता नसलेल्या वापरासाठी जाहिरात केल्याच्या प्रकरणात २००९ ला १४० कोटी डॉलरच्या वर रक्कम भरून मामला मिटवला. सगळा दोष कंपन्यांचा असं मला वाटत नाही, पण स्किझोफ्रेनियापलीकडचा मोठा बाजार त्यांना हवा होता असंही वाटतं.

सगळ्यात जास्त बिघडलं ते लहान मुलांच्या बाबतीत. १९९० च्या दशकात अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या जोसेफ बीडरमन यांच्या गटाने मांडलं की मुलांमधला मॅनिया एपिसोडने येत नाही, तो सतत चिडचिड आणि संतापाच्या झटक्यांच्या रूपात दिसतो. म्हणजे एपिसोडची अटच गेली, जी या आजाराच्या व्याख्येचा कणा होती. मग आकडा कुठे गेला बघा: डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या ज्या भेटींत मुलांना बायपोलर लिहिलं गेलं त्या १९९४-९५ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे २५ होत्या, २००२-०३ मध्ये १००३. चाळीस पट, आठ वर्षांत. तेवढ्याच काळात मोठ्या माणसांचा आकडा दुप्पटही झाला नाही. मुलांचे मेंदू आठ वर्षांत बदलत नाहीत, डॉक्टरांच्या डोक्यातली व्याख्या बदलते. २००० ते २०१० च्या हॉस्पिटल डिस्चार्जची इंग्लंडशी तुलना केली तेव्हा अमेरिकेतला मुलांचा बायपोलरचा दर ७२ पट निघाला, मोठ्यांचा ७ पट. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्येच ४ वर्षांची एक मुलगी औषधांच्या जास्त डोसने गेली, तिला अडीच वर्षांचीही नसताना बायपोलर सांगितलं होतं. आईवडिलांना शिक्षा झाली, आणि प्रश्न देशभर गाजला. २००८ मध्ये अमेरिकेच्या संसदेतले सिनेटर ग्रासली यांच्या चौकशीत निघालं की बीडरमन यांना २००० ते २००७ मध्ये औषध कंपन्यांकडून निदान १६ लाख डॉलर मिळाले होते आणि त्यातले बरेचसे विद्यापीठाला वेळेवर सांगितले नव्हते.

याची दुरुस्ती अमेरिकेतल्याच मानसोपचारतज्ज्ञ एलेन लायबेनलुफ्ट यांच्या कामातून आली. त्यांनी सतत चिडणारी मुलं आणि खऱ्या एपिसोडवाली मुलं वेगळी करून वर्षानुवर्षं बघितली. चिडणाऱ्या ८४ मुलांपैकी पुढे फक्त एकाला मॅनियासारखा एपिसोड आला, बायपोलरच्या ९३ पैकी ५८ जणांना आला. २०१३ च्या डीएसएम-५ ने अशा चिडणाऱ्या मुलांसाठी डीएमडीडी (डिसरप्टिव्ह मूड डिसरेग्युलेशन डिसऑर्डर) नावाचा वेगळा कप्पा काढला, आणि मॅनियासाठी मूडसोबत शक्ती किंवा हालचालही वाढलेली असणं सक्तीचं केलं. आता डीएमडीडीचंच अतिनिदान होईल का यावर वाद सुरू आहे, तो वेगळा विषय.

भारतात चित्र उलटं. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्व्हेत आयुष्यात कधीतरी बायपोलर झालेल्यांचं प्रमाण ०.५ टक्के निघालं, आणि ज्यांना आजार होता त्यातले ७० टक्के उपचाराबाहेर होते (१२ राज्यांचा सर्व्हे होता, महाराष्ट्र त्यात नव्हता). गावाकडे मॅनिया झालेला माणूस अजूनही आधी देवऋषीकडे जातो, अंगात आलं, बाहेरचं झालं, कोणी करणी केली. त्यामुळे अमेरिकेतला अतिनिदानाचा गजर इथे जसाच्या तसा वाजवणं चूक आहे. नासिर घैमींसारखे मानसोपचारतज्ज्ञ तर अमेरिकेतही खरा प्रॉब्लेम कमी निदानाचाच आहे असं म्हणतात, डिप्रेशन म्हणून दहा-दहा वर्षं नुसत्या अँटिडिप्रेसंट खाणारे लोक त्यांच्या डोळ्यासमोर असतात. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, ज्याला आहे त्याला सांगितलं जात नाही आणि ज्याला नाही त्याला सांगितलं जातं. शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या, रील्स बघणाऱ्या विशी-तिशीच्या लोकांत मात्र दुसरं टोक दिसायला लागलंय असं मला वाटतं.

चुकीच्या पाटीने नुकसान काय होतं? लिथियम हे खऱ्या बायपोलरमध्ये फार मोलाचं औषध आहे, आत्महत्या कमी करतं. पण ते घेणाऱ्याला रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, उपाशीपोटी नाही तरी सकाळची गोळी घेण्याआधी, लॅबमध्ये जाऊन रक्तातली लिथियमची लेव्हल काढावी लागते, साधारण ०.६ ते १.० च्या आत ठेवावी लागते, थायरॉइड आणि किडनी तपासत राहावी लागते, जुलाब झाले किंवा अंगदुखीची नेहमीची गोळी जास्त घेतली तर लेव्हल वर जाते. व्हॅल्प्रोएट गरोदरपणात चालू राहिलं तर दर १० बाळांत साधारण एकात जन्मजात व्यंग, आणि ३० ते ४० टक्के मुलांत वाढीच्या अडचणी. ओलान्झापिनने वजन आणि शुगर. आजार असेल तर हे ओझं उचलायलाच लागतं. नसेल तर कशासाठी? (आणि हे वाचून स्वतःहून गोळ्या बंद करू नका, लिथियम अचानक सोडलं तर खऱ्या पेशंटला उसळून मॅनिया येऊ शकतो. डॉक्टर बदला पण गोळी आपल्या मनाने नको.)

आपल्याकडे आणखी एक ओझं आहे ते लग्नाचं. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण होऊ शकतं, म्हणून जुनी फाइल लोक कपाटात खोल दडवतात आणि समोरची बाजू ती शोधते. सुप्रीम कोर्टाने १९८८ च्या एका स्किझोफ्रेनियाच्या खटल्यात स्पष्ट केलं होतं की नुसतं आजाराचं नाव पुरेसं नाही, तो किती तीव्र आहे हे बघावं लागेल. पण सोयरिकीच्या बैठकीत कुठे सुप्रीम कोर्ट असतं.

पाटी लागली की निघतही नाही सहजासहजी. नवा डॉक्टर जुना केसपेपर बघतो आणि पहिल्या ओळीत तेच उतरवतो, त्याच्या पुढचा त्याचं उतरवतो. फेरतपासणी करायची तर लाइफ चार्ट काढतात, म्हणजे गेल्या काही वर्षांची आडवी रेघ आणि तिच्यावर वर-खाली मूड. पेशंटला तारखा आठवत नाहीत, म्हणून खुणा विचारतात: गणपतीत कशी होती, बारावीच्या परीक्षेला, ताईच्या लग्नात, पहिल्या नोकरीच्या वेळी. शेजारी आईला बसवतात कारण हायपोमॅनिया माणसाला स्वतःला आजार वाटतच नाही, तो आईला आठवतो. पुढच्या तीन महिन्यांसाठी मात्र रोज लिहायला सांगतात, किती वाजता झोपली, किती वाजता उठली, आणि उठल्यावर ताजी होती का थकलेली. बऱ्याच घरांत यासाठी वेगळी वही होत नाही, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहिलं जातं, ज्या चौकोनात दुधाचा हिशोब असतो त्याच चौकोनात, दीड लिटर आणि खाली ६ तास, थकलेली.